चाळीस पहाटा

प्यो ओक्रिमची किडनी तिच्या धाकट्या भावाला, चांगसिकला, अगदी जुळली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लवकर ठरवा." ओक्रिम कोरियातल्या गुनसानच्या चर्चमधली मानाची वडीलबाई. लवकर ठरवणं हे विश्वास नसलेल्यांचं काम, हे तिला ठाऊक होतं. तिने चाळीस पहाटांची प्रार्थना धरली. चाळिसाव्या पहाटे देव सांगेल ते करायचं.

चांगसिक चर्चच्या वाटेला जात नसे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पाणीसुद्धा मोजून प्यायचं.

"ताई," तो म्हणाला, "देवाला एवढंच सांग, मी एकच मागतोय. दुसरी तुझी तुलाच."

"थट्टा करू नकोस. त्याची वेळ ठरलेली असते."

"माझीही ठरलीय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ."

ओक्रिम रोज साडेचारला चर्चमध्ये हजर. ऑपरेशनचं नाव काढलं की पोटात गोळा यायचा. त्याला ती पवित्र भय म्हणायची. तेहेतिसाव्या पहाटे हीटरजवळची जागा मिळाली आणि बाई बसल्या बसल्या घोरायला लागल्या. शेजारणीने कोपराने ढोसलं तेव्हा आमेन होऊन गेलं होतं.

ती पाळकांकडे गेली. "ही पहाट धरायची का हो?"

पाळकांना नाश्त्याची घाई होती. "तुमच्या मनाला काय वाटतं?"

मनाला वाटलं, धरू नये. पहिल्यापासून मोजावं. हे ठरताच तिला इतकं हलकं वाटलं की तिने ती देवाचीच खूण मानली.

चांगसिकच्या बायकोने, मालसूनने, फोनवर ऐकून घेतलं. "म्हणजे अजून चाळीस, वन्सं?"

"धीर धर गं. घाईने घेतलेलं अंगी लागत नाही."

"यांचे पाय सुजलेत. चप्पल चढत नाही."

"मी पायांसाठी वेगळी प्रार्थना करते," ओक्रिम म्हणाली, आणि खरंच केली.

नव्या मोजणीच्या सव्विसाव्या दिवशी, बुधवारी, मशीनवर असतानाच चांगसिकचं हृदय बंद पडलं.

हॉस्पिटलच्या शोकगृहात तीन दिवस माणसं आली, बीफचा तिखट रस्सा जेवली. पाळक म्हणाले, "देवाची वेळ चुकत नाही." ओक्रिमनेही आजवर कितीएक विधवांना हेच सांगितलं होतं, ऐकायला बरं वाटलं. रोज पहाटे ती काळ्या कपड्यांतच टॅक्सीने चर्चला जाऊन येई.

मालसून ताटं आवरत होती. वर न बघता तिने विचारलं, "कितवी झाली, वन्सं?"

"अठ्ठाविसावी."

"मग आता सोडू नका. पुऱ्या करा."

पोरीला शेवटी विश्वास आला, असं ओक्रिमला वाटलं. तिचा ऊर भरून आला.

बाकीच्या पहाटा तिने डोळ्याला डोळा न लागू देता काढल्या, हीटरपासून लांब बसून. चाळिसाव्या पहाटे पोटातला गोळा नाहीसा झाला. भीती म्हणून उरली नाही. मन तळ्यासारखं शांत झालं आणि उत्तर आलं, लख्ख, शंकेला जागाच नाही असं: दे.

ती कितीतरी वेळ आनंदाने रडली.

बुधवारच्या सभेत तिने उभं राहून साक्ष दिली. देव उत्तर देतोच, आपण फक्त थांबायला शिकलं पाहिजे, म्हणाली. सगळ्या चर्चने एका आवाजात आमेन म्हटलं.