माडग्याचा गुण

जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची ताटली जमिनीवर खर्रकन सरकली आणि चुलीत फुंकणी घालून बसलेली राही तशीच थांबली. तिनं वळून पाहिलं. कानिफनाथनं ताटली स्वतःच्या हातानं पुढं सारली होती. ती रिकामी होती. कडेला लागलेलंसुद्धा त्यानं बोटानं निपटून घेतलं होतं.

"आजून हाय का?" त्यानं विचारलं.

राहीनं पातेलं उचललं. हुलग्याचं माडगं तिनं पुन्हा ताटलीभर वाढलं. नवरा जेवायला मागतो ही काही जगावेगळी गोष्ट नाही, पण ह्या माणसानं मागून खाल्लेलं तिला आठवतच नव्हतं.

उंबऱ्यात बसून रेशनच्या मिलो ज्वारीतले खडे निवडणाऱ्या सासूनं, छबूबाईनं, मान वर न करता म्हटलं, "तुझ्या हाताला गुण हाय."

राहीला सासूचा इतका चांगला शब्द लग्नापासून पहिल्यांदाच मिळाला होता. तो तिनं पदराच्या गाठीत बांधावा तसा मनात बांधून ठेवला.

कानिफनाथ विहिरी खोदायचा. सुप्याच्या आसपासच्या माळावर पाणी जसं खाली गेलं, तसं विहिरी खोल करणाऱ्यांना रोज बोलावणं येऊ लागलं. बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा विहिरीतला दगड वर ओढणाऱ्या यारीचा दोर सुटून तो कातळावर पाठीवर पडला. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली ती सुटेना. पुण्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीशी ट्रकवाले थांबत. त्यातल्या एकानं त्याला उडदाएवढी काळी गोळी दिली. दुखणं पळालं. दुसऱ्या दिवशी तो उठून कामावरसुद्धा गेला आणि राहीनं त्या अनोळखी ट्रकवाल्याला दुवा दिली. ती दुवा पुढं तिच्या घशात अडकायची होती, हे तेव्हा कुणाला माहीत.

उडदाची गोळी हरभऱ्याएवढी झाली. कंबर बरी झाली तरी गोळी राहिली. माणूस खाईना. भूक नाही म्हणायचा, पोट फुगलंय म्हणायचा, परसाकडे जाऊन तासभर बसून तसाच परत यायचा. दंडाचा पिळा गेला, गालफडं बसली. मग एक दिवस राही दुष्काळी कामावरून घरी आली तर शेळीच्या खुंट्याला नुसतं दावं होतं. पाच वर्षांची गोजर त्या दाव्याशेजारी वाटी घेऊन बसली होती, दूध काढायची वेळ झाली म्हणून.

त्या दिवशी राहीनं नवऱ्याला सुप्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता. त्यानं पापणी वर करून बाहुली पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि इथं चार दिवस राहा म्हणाला. कानिफनाथ बाकावरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

"न्हाई राहनार त्ये," राही म्हणाली. "मला सांगा काय करायचं त्ये."

डॉक्टरनं पोटातल्या कळांसाठी गोळ्या दिल्या. मग म्हणाला, "खाण्यानं अफू सुटत नाही, बाई, ते आधी लक्षात घ्या. पण सुटताना सगळं अंग उलटं फिरतं. उलट्या, जुलाब. पाणी जातं. अंगात काही असलं तर माणूस ते सोसतो. ह्यांच्या अंगात आता काही नाही. मीठ-गुळाचं पाणी घोटघोट द्या. मग ताक, पेज. मग कडधान्याचं काहीतरी. थोडं द्या, पण पुन्हा पुन्हा द्या. ओकले तरी द्या."

राहीनं मान डोलावली. बाहेर पडल्यावर मात्र तिला हसू आलं, रडण्यापेक्षा वाईट. अख्ख्या तालुक्याची चूल लाल मिलोवर चाललेली, त्याची भाकरी थापताना चिरते आणि गार झाली की चामडं होते, आणि हिला सांगितलंय, थोडं द्या पण पुन्हा पुन्हा द्या.

तरी तिनं दिलं. पाझर तलावाच्या कामावर दुपारी मजुरांना सुकडी, भाजल्या पिठाचा सरकारी खाऊ, मिळायची. तिनं आपल्या वाटणीची सुकडी तोंडात न घालता पदरात बांधून आणायला सुरुवात केली. पाटलिणीकडून ताक मागून आणलं. माहेरी निरोप धाडला, तेव्हा भाऊ पेरणीसाठी राखलेले हुलगे घेऊन आला आणि जात्यापाशी ठेवून गेला. बियाणं भाजताना राहीचा जीव करपला. पण भाजलेल्या हुलग्याचं पीठ, त्याचं पातळ माडगं, वर गूळ, हे आजाऱ्याच्या पोटात टिकतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

त्याच्या पोटात ते टिकलं नाही. आधी जांभया, मग नाका-डोळ्यांतून पाणी, मग अंगावर पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा काटा. पाय झाडायचा. पोट धरून भिंतीला डोकं आपटायचा. राही वाटी घेऊन गेली की वाटी उडवायचा, शिव्या द्यायचा, आणि मग तिच्याच मांडीवर डोकं घालून लहान पोरासारखं म्हणायचा, "राहे, एवढी एक बार. तुझ्या पाया पडतो." ती सांडलेलं पुसायची आणि पुन्हा वाटी भरायची. वाटीतलं कमी होत चाललं होतं आणि मडक्यातलं पीठही.

अशा किती वाट्या गेल्या कोण जाणे. आणि मग ती ताटली सरकली.

त्यानंतर गुण येतच गेला. राही पहाटे माडगं शिजवून कामावर जायची. गुळाचा डबा मात्र सासूच्या हातात. त्या घराची ती रीतच होती, गूळ आणि तेल सासूनं काढून द्यायचं. पण छबूबाई हल्ली म्हणायची, "तू जा. हजेरी चुकंल. गूळ मी घालून हालवून देते." सासूचं मन वळलं म्हणून राही मनातून विरघळायची. दुपारच्या सुट्टीत ती पळत घरी यायची तर नवरा खाऊन शांत पडलेला असायचा. कधी गोजरशी दोन शब्द बोलायचा. पाय झाडणं गेलं होतं.

कामावर बनुबाई तिच्याशेजारी खडी फोडायची. दांडगी, तोंडाळ बाई. ती म्हणायची, "राहे, तुझं त्ये माडगं आमच्या मालकाला पाज गं. दारू सुटंल."

"आधी हुलगे आन."

"हुलगे कुठले. मिलोचं करून पाजते."

"मिलोनं दारू न्हाई सुटनार, मालक सुटून जाईल."

बाया खदखदून हसल्या. राहीपण हसली. किती दिवसांनी आपलाच आवाज तिला ओळखीचा वाटला. त्या दुपारी घरी येताना तिला गोजरला कबूल केलेलं आठवलं. दादाचं जेवण झालं की पातेलं तू पुसून घ्यायचं. गोजर बापाला दादा म्हणायची. शेळी गेल्यापासून पोरीच्या तोंडाला गोड लागलं नव्हतं. पातेल्याच्या बुडाला गूळ असतो, तेवढं तरी तिला मिळावं.

ती घरात शिरली. कानिफनाथ भिंतीशी डोळे मिटून पडला होता. गोजर चुलीपाशी झोपली होती, पातेलं तिच्या मांडीत.

"गोजे, ऊठ. ह्ये बघ, सुकडी."

गोजर उठेना. राहीनं तिला हलवलं. पोरीची मान एका बाजूला कलंडली, आणि झोपेतच तिनं हळू, अगदी हळू, नाक खाजवलं. ते खाजवणं राहीनं ओळखलं. असं नाक ह्या घरात एकच माणूस खाजवायचा. तिनं पोरीची पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी होती.

तिनं पातेल्याच्या बुडाला बोट लावून जिभेवर ठेवलं. गूळ. गुळाच्या मागून कडू.

"आत्याबाई," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. "माडग्यात काय घातलं?"

छबूबाई दारातून आत आली. पोरीकडे पाहून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "तिनं कशाला खाल्लं? मी त्याच्यापुरतीच घालती. पातेलं मी धुनार हुते..."

राहीनं पुढचं ऐकलं नाही. पोरगी खांद्यावर टाकून ती माळ उतरून धावत सुटली. रस्त्यावर खडी टाकून परत निघालेला ट्रक होता, तो तिनं आडवी होऊन थांबवला. सगळ्या वाटेत ती गोजरच्या गालावर चापट्या मारत राहिली, तिला चिमटे काढत राहिली, आणि दर चिमट्यागणिक "बोल गं माझे बाय, बोल" म्हणत राहिली. एका खड्ड्यात ट्रक आदळला तेव्हा गोजर बारीकशी कण्हली. राहीनं तो आवाज कानात धरून ठेवला. पुढचा आवाज येईपर्यंत तिनं श्वास घेतला नसेल.

दवाखान्यात डॉक्टर पोरीजवळून हलला नाही. तिच्या छातीकडे बघत बसला, श्वास मंदावला की तिला हलवायचा. उन्हं कलली तेव्हा गोजर ओकली आणि भोकाड पसरून रडली. राहीला ते रडणं सनईसारखं वाटलं.

"थोडक्यात वाचली," डॉक्टर म्हणाला. मग राहीनं त्याला सगळं सांगितलं. "म्हणजे तुमच्या नवऱ्याची सुटलेलीच नाही. पुन्हा पहिल्यापासून. आता इथं आणाल तर बरं."

"आनते म्हनून सांगू कशी, त्ये यायला तर पायजेत," राही म्हणाली.

घरी आली तर सासू चुलीसमोर बसली होती. चूल पेटलेली नव्हती. राहीनं पोरगी अंथरुणावर ठेवली आणि विचारलं, "का?"

"मला बघवंना," छबूबाई म्हणाली. "तू कामाला जायचीस. त्याचं वराडनं ऐकायला मी घरात. त्यानंच सांगितलं गोळा कुठं लपवलाय त्यो. म्हनलं, लई न्हाई, चिमूटभर घालावी, त्यो खातो तरी. तू बी किती हरकली हुतीस. तुझा हरिक मोडवंना."

"तुमाला पोरीचं काय वाटलं न्हाई?"

"अगं, ह्यो अंगावर पीत हुता तवा मी खुरपायला जायची. बांधावर ह्याला निजवायला बोटानं हेच चाटवायची. समद्याच बाया चाटवायच्या. बाळगोळी म्हनायचो आमी. कुनी मेलं न्हाई आमचं." एवढं बोलून तिनं लेकाकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. जणू ती त्याला पाळण्यात आणि भिंतीशी, एकदमच बघत होती.

राही नवऱ्याकडे वळली. "तुमाला ठाव हुतं?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "चवीला कळलं."

"आन् पोरीनं पातेलं घेतलं तवा?"

त्याचे खांदे हलत होते. रडत होता की गोळीची वेळ टळून अंगाला काटा आला होता, ते तिला कळेना. आता कुठलंच कळत नव्हतं. त्यानं मागून खाल्लेलं, गोजरशी बोललेलं, ती कामावर हसली ते हसू, सगळं त्या काळ्या गोळ्याचं होतं. तिच्या हाताचा गुण त्यात कणभर नव्हता.

छबूबाई उठली. गुळाचा डबा आणि फडक्यात बांधलेला काळा गोळा, दोन्ही आणून तिनं सुनेच्या पुढ्यात ठेवले. राहीनं गोळा चुलीत टाकला आणि काडी ओढली. पहिला धूर निघाला तशी तिनं गोजरला उचलून दारात नेऊन बसवलं. कानिफनाथनं मान वळवून एकदा चुलीकडे पाहिलं. ती नजर राहीला जन्मभर पुरली असती.

सकाळी त्याचं पुन्हा सुरू झालं. जांभया, पाणी, पाय झाडणं. "दवाखान्यात चला," ती म्हणाली. तो म्हणाला, "मरू दे मला." ती म्हणाली, "मरायला बी अंगात काय लागतं," आणि मडक्यात हात घातला. हुलग्याचं पीठ तळाला होतं, एका पातेल्यापुरतं. कामावर ती गेली नाही. हजेरी बुडाली, सुकडी बुडाली.

माडगं रटरटू लागलं. छबूबाई बाहेर ओट्यावर बसली होती, आत येण्याचं धाडस तिला होत नव्हतं. गोजर रांगत रांगत चुलीशी आली, अजून पाय लटपटत होते तिचे. पातेल्यात वाकून तिनं वास घेतला. राहीनं घाबरून तिला मागं ओढलं, मग स्वतःलाच लाज वाटून जवळ धरलं. पळी तोंडाशी नेऊन तिनं आधी स्वतः चाखलं. हुलगा, मीठ, जरासा गूळ. बाकी काही नाही.

तिनं वाटी भरली. भिंतीशी कानिफनाथ पोट धरून वाकला होता.

गोजर वाटीकडे बघत होती, मग बापाकडे, मग आईकडे.

"आई," तिनं विचारलं, "ह्यात आजीनं काय न्हाई ना घातलं? मंग दादा खाईल का?"