पाणी मागणारा

संकेश्वरहून स्कूटरवर निपाणीला येईपर्यंत एप्रिलच्या उन्हानं पास्टर परशरामांचा पार भुगा झाला होता. तीन गावांच्या तीन ख्रिस्ती मंडळ्या आणि पाळक एकच. निवृत्तीला अजून दोन वर्षं. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे त्यांनी इतक्यांदा शिकवलं होतं की आता सांगताना त्यांना स्वतःलाच जांभई यायची. याची त्यांना लाज वाटे, आणि लाज वाटण्याचाही आता कंटाळा आला होता.

तानीबाई दारातच बसली होती. तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं राबलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. नवरा भीमाप्पा मंडळीचा सभासद. ही मात्र मागच्या बाकावर बसायची आणि प्रभुभोजनाची भाकर समोर आली की मान खाली घालून पुढं सरकवायची. गेल्या साली भीमाप्पा गेला. या इस्टरला तिला ती भाकर हवी होती. पण त्याआधी बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्म्याआधी पास्टरांची सही. येशू कोण, हे बाईनं तोंडानं नीट सांगितलं तरच सही, असा मंडळीच्या पंचांचा नियम. उपदेशाला डुलक्या काढणारे पंच नियमाला मात्र टक्क जागे असत.

मागच्या दोन्ही गुरुवारी तिचं गाडं एकाच ठिकाणी अडलं होतं.

परशराम खुर्चीत टेकले. पिशवीतली बाटली काढून दोन घोट प्याले. "आक्का, रविवार तोंडावर आला. सांगा, येशू कोण?"

"माणूस."

"आणि?"

"आणि काय? चालून चालून इहिरीवर दमून बसला, त्येला तहान लागली. तुमीच सांगितलंसा. दमतो त्यो माणूस."

"व्हय, पण नुसता माणूस न्हाय. देवच माणूस होऊन आला. एवढं एक वाक्य म्हणा आणि मोकळ्या व्हा. मीही मोकळा होतो."

शेवटचं बोलायला नको होतं. तानीबाईनं त्यांच्याकडं एकवार पाहिलं.

"कळल्याबिगर कसं म्हणू? तितं इहिरीवर पाण्याला आलेल्या त्या परजातीच्या बाईच्या हातचं ह्येच्या लोकांत कोण पीत नव्हतं, न्हवं?"

"न्हाय. चालत नव्हतं."

"आन् ह्येनं आपणहून मागितलं."

"व्हय."

"आमाला पाणी वरनं ओंजळीत ओतायचे, पास्टर. माणसं लई बघितली मी. चांगली बी बघितली. उन्हातान्हाची आमच्या दारावरनं गेली, पर पाणी कुणी मागितलं न्हाय. माणूस न्हाय मागत. मागितलं म्हंजी त्यो देवच असणार." मग अगदी सहज म्हणाली, "तुमी बी बाटली घिऊनच येतासा."

"पोटाचा त्रास आहे," परशराम म्हणाले. खोटं नव्हतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सकाळीच संकेश्वरात मास्तरांच्या घरी माठातलं तांब्याभर पाणी त्यांनी मागून घेतलं होतं. तिथं पोट आठवलं नव्हतं.

त्यांनी कागद काढून सही केली. पंचांना काय सांगायचं ते नंतर बघता येईल.

"आक्का, जरा पाणी द्या."

"बाटली सपली व्हय?"

"न्हाय," परशराम म्हणाले. "हाय अजून. तरी द्या."