मास्तरांचा माइक

“आवाज येतोय, पण डास बोलल्यासारखा,” मी कानावरचे हेडफोन काढत म्हणालो. “मास्तर, या जुन्या माइकचं नव्या सेटशी लग्न असं लागायचं नाही. मध्यस्थ लागणार.”

“मग शोध की मध्यस्थ,” मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मुहूर्त रविवारी सकाळी सातचा. सोमवारी नवरदेवाकडे बोलायला तोंडच नसणार.”

“अहो, काहीतरीच काय!” वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, चहाचे कप टेबलावर आपटले आणि त्या आत गेल्या.

सोमवारी मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. माणूस जगेल, बोलणार मात्र नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मास्तर म्हणजे टायपिंग मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज, करारनामे, भांडणाच्या नोटिसा टाइप केल्या. सगळे शब्द दुसऱ्यांचे. स्वतःचं बोलायचे ते फक्त हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर. परवाना काढून, घरच्या गच्चीवर तार ताणून. दर रविवारी सात वाजता गावोगावचे पंधरा-वीस जण आपापल्या घरून एका ठरलेल्या रेडिओलहरीवर जमायचे आणि हजेरी व्हायची. हजेरी घेणारे एक निवृत्त दीपगृहवाले होते. तीस वर्षांची दोस्ती, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या लेखी मास्तर म्हणजे एक आवाज, आणि तो आवाज या जुन्या, मुठीएवढ्या, निकेलच्या माइकमधून आलेला.

मास्तरांचा जुना सेट गेल्या महिन्यात बसला. लेकीने नवा पाठवला. त्याच्याबरोबर आलेला माइक मास्तरांनी पिशवीतूनही काढला नाही. “शेवटचं बोलायचं ते यातूनच,” एवढं बोलून त्यांनी जुना माइक माझ्या हातात दिला. मी रेडिओ दुरुस्त करणारा. मला परवाना नाही, हवेत एक शब्द बोलायची मुभा नाही. पण मास्तरांच्या सेटला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही.

अडचण साधी होती. जुन्या माइकच्या पोटात क्षाराच्या खड्याची पातळ चकती असते. तिचा जीव चिमणीएवढा. नवा सेट सरळ जोडला की तो तिला असा ओढतो की आवाजाचा खालचा निम्मा भाग गायबच होतो. मध्ये काडेपेटीएवढं सर्किट घातलं, की चकतीवर ओढ पडत नाही. तीन दिवस मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तेवढंच केलं.

शनिवारी दुपारी जोडलं. मास्तर बोलले, “हॅलो, एक, दोन, तीन.” मी हेडफोनमध्ये ऐकलं. समोर बसलेल्या माणसाचा घसा फाटलेला, पण कानात पंचवीस वर्षांपूर्वीचे मास्तर. तीच धार, तोच ठसका.

“जमलं!” मी ओरडलो. “फक्त मधूनच खरखर येतेय. दमट हवेने असेल. संध्याकाळपर्यंत घालवतो.”

“राहू दे रे. चांगलं चाललंय.”

“माझं काम अर्धवट नसतं, मास्तर.”

हेच ते शहाणपण. ओल खड्याला मारते, हे मला माहीत. म्हणून माइक दुकानात नेऊन उघडला, शंभरच्या बल्बखाली ठेवला आणि घरी जेवायला गेलो. माझे गुरू म्हणायचे, याला ओल चालत नाही आणि ऊबही सोसत नाही. ओलीचं मी लक्षात ठेवलं. ऊब विसरलो. परत येऊन पाहतो तर धातू हाताला चटका देत होता. जोडलं, टिचकी मारली, फुंकर घातली, शेवटी शिवी हासडली. काही नाही. साफ मेला होता.

असे खडे आता कोणी बनवत नाही. भंगारवाले पालथे घातले, ओळखीच्या चार जणांना फोन केले. शेवटी टेपरेकॉर्डरमधला एक बटणाएवढा माइक काढून त्या निकेलच्या कवचात बसवला. वरून बघाल तर तसाच.

रविवारी पावणेसातला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर टाइप केलेला एक कागद. चाळीस वर्षांत स्वतःसाठी टाइप केलेला पहिला, असं वहिनी म्हणाल्या. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हजेरी सुरू झाली.

मास्तरांनी बटण दाबलं, आपली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखीचं नाव, सांगितली, बटण सोडलं.

“कोण बोलतंय?” दीपगृहवाल्यांचा आवाज. “पुन्हा सांगा.”

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. कवचातल्या बटणाएवढ्या माइकने त्यांचा फाटका घसा जसाच्या तसा पुढे ढकलला.

“ही कॉलसाइन आमच्या मास्तरांची आहे. त्यांचा आवाज मी झोपेतही ओळखेन. कोण आहात तुम्ही? थट्टा करू नका.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सर्किटाचा स्क्रू उगाच आवळत राहिलो.

“मीच आहे हो,” मास्तर म्हणाले. “घसा गेलाय. माइक तोच आहे.”

मग दीपगृहवाले हळूच म्हणाले, “माफ करा मास्तर. बोला.” तोवर पलीकडचा आवाज विरायला लागला होता. सकाळी हवा फिरली की असं होतं, त्याला कोणाचा इलाज नाही. कागद निम्मा वाचून झाला आणि पलीकडे नुसती सरसर उरली. मास्तरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

“भाऊजी, नीट गेलं ना सगळं?” वहिनींनी दारातून विचारलं. मी मान डोलावली. काय करणार होतो!

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी दवाखान्यात मी सगळं सांगून टाकलं. बल्ब, जेवण, बटणाएवढा माइक. मास्तरांच्या गळ्याला पट्ट्या होत्या. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, “म्हणजे शनिवारी आवाज होता?”

“होता मास्तर. शंभर टक्के होता.”

त्यांनी ते वाक्य बराच वेळ पाहिलं आणि मग बाहीने पुसलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन रविवारांनी त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. सेट चालू होता, तोच निकेलचा माइक पुढ्यात. हजेरी सुरू झाली. दीपगृहवाल्यांनी सगळ्यांची नावं घेतली, थोडं थांबले आणि मास्तरांची कॉलसाइन उच्चारली.

मी मास्तरांकडे पाहिलं. उत्तर द्यायला मला परवाना नव्हता, त्यांना आवाज नव्हता. त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. ओठ हलले, नेहमीसारखे, आधी कॉलसाइन, मग नमस्कार. बोलण्याबरोबर हलणारा मीटरचा काटा शून्यावरच होता.

बोलून झाल्यावर त्यांनी बटण सोडलं. दुसऱ्याला बोलता यावं म्हणून सोडायचं, हा नियम. पलीकडे दीपगृहवाले अजून वाट पाहत होते.