पाठीवरची लाट

१९७१ साली आमच्या ह्यांचं मनगट जगप्रसिद्ध व्हायच्या बेतात होतं. जग म्हणजे सुऱ्या घडवणाऱ्यांचं मंडळ, एकूण पंचवीसेक माणसं. ह्यांना तेवढं जग पुरे होतं.

ही मंडळी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक सुरी हाताने घडवत, आणि प्रत्येकाची खूण ठरलेली असे. कुणाची मूठ मध्येच फुगलेली, कुणाचं टोक वर वळलेलं. माझ्या ताईचे यजमान, म्हणजे ह्यांचे साडू, पात्याची पाठ दोरी लावल्यासारखी सरळ काढत. ह्यांच्या पात्याच्या पाठीवर मुठीजवळ एक हलकीशी लाट असे. मंडळाचे अध्यक्ष तिला ‘पोलादाला फुटलेला हुंदका’ म्हणत. ही लाट जमते कशी, असं कुणी विचारलं की हे नुसतं मनगट वर करून दाखवत. त्याच मनगटाने घरात कधी एक खिळा सरळ ठोकलेला मला आठवत नाही, पण बोलून वाईटपणा कोण घेणार.

मंडळाचं कायमचं सभासद व्हायचं तर परीक्षा असे. टेबलावर नव्याजुन्यांच्या सुऱ्या मांडायच्या, नावाच्या शिक्क्यांवर काळी पट्टी चिकटवायची आणि नुसत्या घडणीवरून अध्यक्षांनी ओळखायचं, कुणाची सुरी. ओळखली तर सभासद. साडू आदल्या वर्षीच झाले होते आणि ताई ते मला विसरू देत नव्हती. त्या वर्षी ह्यांची पाळी होती. घरात दुसरा विषय नव्हता.

परीक्षेच्या तोंडावर माझे धाकटे दीर सुट्टीला आले. ते गिरणीत फिटर. खडखडणारं यंत्र दिसलं की त्यांना चैन पडत नसे. आम्ही दोघं बाजारात गेलेलो पाहून त्यांनी मागच्या शेडमधलं पातं घासायचं मशीन आडवं केलं, एक पाय आखूड होता त्याखाली लोखंडाचा तुकडा ठोकला आणि सगळे बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवसापासून पाती सरळ येऊ लागली. ह्यांनी पात्यांमागून पाती वाया घालवली. मनगट चोळून झालं, शेकून झालं. शेवटी जेवताना दीर मोठ्या कौतुकाने म्हणाले, “वहिनी, मशीन बघितलंत का? आता हलत नाही बिचारं. आधी दर वेळी पातं त्याच जागी उडत असणार.”

ह्यांचा घास हातातच राहिला.

मी सुचवलं, तो तुकडा काढा, परीक्षा होऊन जाऊ द्या, मग बघू. त्यावर हे जे बोलले त्यात माझं माहेर दोनदा आलं. म्हणणं असं, की लाट लंगड्या मशीनची असेल, बाकीची सुरी तर आपल्या हातची आहे. मंडळींना डोळे असतील तर ओळखतील. मंडळींच्या डोळ्यांवर ह्यांचा इतका भरवसा का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ह्यांनी सरळ पाठीची सुरी केली. खरं सांगते, त्यांच्या हातची इतकी देखणी सुरी मी पाहिली नव्हती. मूठ तळव्यात आपली आपण जाऊन बसायची.

अध्यक्षांनी ती उचलली, उजेडात धरली, डोळे मिटले आणि साडूंकडे वळले. “ही तुमची. आणि आजवरची सर्वांत चांगली.”

साडूंना स्वतःची सुरी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दिसत होती. तरी ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, “आपला आशीर्वाद.”

हे पुढे झाले आणि काळी पट्टी ओढून काढली. खाली ह्यांचा शिक्का.

अध्यक्ष मात्र गडबडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला, की नक्कल उत्तम साधली आहे, पण नक्कल करणाऱ्याला मंडळात जागा नाही. मग मवाळ होऊन विचारलं, “तुमची लाट कुठे गेली हो?”

“दुरुस्त झाली,” हे म्हणाले.

ह्यांनी पुन्हा अर्ज केला नाही. अध्यक्षांनी त्या हरवलेल्या लाटेवर भाषणं दिली, आणि पुढे मुद्दाम वाकड्या पाठी घासणाऱ्या एका तरुणाला तिचा वारस म्हणून सभासद करून घेतलं. त्यांच्यानंतर साडू अध्यक्ष झाले. हात जोडायची सवय कामी आली. ताई आणि मी सहा वर्षं बोललो नाही, मग काही घडलंच नाही अशा थाटात बोलू लागलो. दिरांना आपण काय केलं ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. हे सत्तरीपर्यंत आचाऱ्यांसाठी आणि चामड्याचं काम करणाऱ्यांसाठी सुऱ्या करत राहिले. एक झिजली की तशीच दुसरी मागायला ते लोक येत, आणि पाठ कशी आहे ते त्यांनी कधी पाहिलं नाही. आता मी नातीकडे असते. तिच्या स्वयंपाकघरात दुकानातून आणलेल्या सुऱ्या आहेत. त्या टोमॅटो चिरत नाहीत, नुसता चिरडतात.