चाळीस नंबरचं नाव

मित्रांनो, मला जुनं म्हणा, पण भंगार म्हणू नका. बिलाचं मशीन आहे मी. वडवणीच्या बाजारपेठेत राधाकिशनच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसतो. आलो तेव्हा माझ्या पोटात शंभर नंबर होते आणि एकालाही नाव नव्हतं. नावं दिली राधाकिशनच्या बायकोनं, मनकर्णानं. तो मापाला, ती बिलाला. एकेक अक्षर दाबून तिनं साखर, बाजरी, गूळ, खोबरं लिहिलं. "लई हुशार हाय आमचं मशीन," असं ती शेजारणींना सांगायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

माशी शिंकली ती चाळीस नंबरला. तो मातीच्या सामानाचा नंबर. आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. पांढरं कापड, मडकं, गुलाल असं सगळं एकत्र बांधलेलं असतं. न्यायला येणारा नुसतं "सामान द्या" म्हणतो, आणि जाताना त्याला "या" म्हणायचं नसतं. मनकर्णाला ते नाव लिहवेना. तेवढ्यात तिची दुसरीतली लेक तेजश्री मांडीवर येऊन बसली. "आई, माझं नाव लिव्ह की यात." मनकर्णानं हौसेनं लिहिलं, पोरगी हसली, मग ते पुसलं, आणि चाळीस नंबरची जागा रिकामी ठेवून तिनं बटण दाबलं. माझी खोड तिला माहीत नव्हती. रिकामं नाव मला चालत नाही. मी शेवटचं लिहिलेलं नाव तिथं चिकटवतो.

दुसऱ्या दिवशी बिभीषण नावाचा शेतकरी सामान न्यायला आला. त्याची आई वारली होती. भावकीला दाखवायला त्यानं चिठ्ठी मागितली आणि ती वाचून तो गल्ल्याकडं परत वळला.

"वैनी, आमच्या म्हातारीचं नाव मंजुळाबाई व्हतं. ही तेजश्री कोण हाय?"

मी छापलं होतं: तेजश्री, एक नग. खाली नेहमीसारखं: धन्यवाद, पुन्हा या.

दिवेलागणीला पोरीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिला बीडला दवाखान्यात ठेवलं. लेकीजवळ जावेला बसवून मनकर्णा एसटीनं दुकानात आली.

"डासाचा ताप हाय त्यो," राधाकिशन चिडला. "मशीनला काय कळतंय?"

तो मापाकडं वळला. तिनं नाव पुसलं, जागा रिकामी ठेवली, बटण दाबलं. मी पुन्हा 'तेजश्री' दाखवलं. तिनं तीनदा पुसलं, तिन्ही वेळा तेच. मला माझीच भीती वाटली, मित्रांनो.

"चढलेलं नाव रिकामं उतरत न्हाई," ती पुटपुटली. मग तिनं सावकाश तिथं स्वतःचं नाव लिहिलं.

त्याच संध्याकाळी ताप उतरला. सलाईननं उतरला की कशानं, मला सांगता येत नाही.

सहा वर्षं मी 'मनकर्णा, एक नग' छापत आलो. ती चिठ्ठी कोणाला न देता पाणी तापवायच्या चुलीत घालायची. माझ्यावर धूळ साचली, दोन बटणं रुतली, कौतुक कधीच संपलं. गेल्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली आणि गल्ल्यावर राधाकिशन बसला. सामानाला गिऱ्हाईक आलं. त्यानं चाळीस दाबलं आणि पहिल्यांदाच चिठ्ठी वाचली. ती खिशात घालून त्यानं गिऱ्हाईकाला सामान दिलं. मग चष्मा लावून, एका बोटानं अर्धा तास खटपट करून, त्यानं तिथं 'राधाकिशन' लिहिलं. मनकर्णा आता हिंडती-फिरती आहे. राधाकिशनला खोकला लागला आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वस्तूला तिचं नाव द्यायला भिऊ नका. तुम्ही दिलेलं आम्ही यंत्रं विसरत नाही. 'माती' ही दोनच अक्षरं आहेत. कोणीतरी येऊन तेवढी लिहा, पण लवकर. तेजश्री आता आठवीत आहे. काल माझी धूळ पुसताना तिनं बापाचं नाव दोनदा वाचलं. तिची बोटं फार झपाझप चालतात.