मागच्या जहाजासाठी लावलेला दिवा

मित्रांनो, उजेड कमी पडावा म्हणून जपलेला दिवा तुम्ही कधी पाहिला आहे का? मी तसा एक जुना पितळी दिवा आहे. आज मी वेल्समधल्या बॅरी बंदराजवळच्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी बसलेला असतो. पाहुणे मला उचलून बघतात, वजनाला भारी आहे म्हणतात आणि परत ठेवतात. माझ्या अंगावर एक पोचा नाही. त्यामुळे माझं आयुष्य सुखात गेलं असणार, असं त्यांना वाटतं.

माझा जन्म धुराड्यांच्या एका गावात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने पितळ ठोकून मला आकार दिला आणि पुढे जाड काच बसवली. 'ग्वेनिथ' नावाच्या मालवाहू जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला मला टांगलं. मागून येणाऱ्या जहाजाला आपण कुठे आहोत ते दाखवायचं, एवढंच माझं काम होतं. तेव्हा मी दोन-दोन मैलांवरून दिसायचो, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

जहाजावरचे सगळे दिवे घासणं, वाती कापणं, तेल भरणं हे एकाच माणसाकडे असतं. आमचा दिवेवाला होता इद्वल प्रॉसर. बोलायला कमी आणि कामाला चोख. त्याच्या बोटांना रॉकेलचा वास कायमचा चिकटला होता, म्हणून घरी गेला की बायको त्याला पाव कापू देत नसे. मला मात्र तो वास फार आवडायचा. रोज दुपारी तो माझी काच आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसायचा आणि माझ्याकडे मान तिरकी करून बघायचा.

मग महायुद्ध आलं. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरू लागल्या. एकटं जहाज त्यांच्या तावडीत सहज सापडतं, म्हणून चाळीस-चाळीस जहाजं मिळून निघू लागली. नऊ-दहा रांगा, प्रत्येक रांगेत एकामागे एक चार-पाच जहाजं, दोघांमध्ये चारशे पावलांचं अंतर. रात्री सगळीकडे काळोख. खिडक्यांना पडदे, डेकवर विडी ओढायलाही बंदी. एवढी अवजड धुडं अंधारात एकमेकांवर आदळायची नाहीत आणि हरवायचीही नाहीत, ती कशाच्या जोरावर? मित्रांनो, ती माझ्यासारख्या दिव्यांच्या जोरावर.

नौदलाच्या हुकुमाने माझ्या काचेवर पत्र्याची झाकणी बसली. तिला वाटाण्याएवढं एक भोक. त्यातून येणारा उजेड फक्त मागच्या जहाजाला दिसायचा, तोही जेमतेम. झाकणी बसवताना इद्वलला रडू यायचंच बाकी होतं. पण त्या बारीक उजेडातच सगळं शहाणपण होतं. मागच्या जहाजावरचा अधिकारी रात्रभर माझ्यावर नजर लावून उभा असायचा. मी नेहमीएवढा दिसलो तर अंतर बरोबर. मोठा दिसलो तर आपण फार जवळ आलो असं समजून तो इंजिनाचे फेरे कमी करायला सांगायचा. बारीक दिसलो तर वाढवायला सांगायचा. म्हणजे माझा उजेड हीच त्याची मोजपट्टी होती.

आमच्या मागे असायचं 'ऑलवेन', आमच्याच कंपनीचं जहाज. त्यावर मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंत पहारा देणारा अधिकारी होता गेथिन, इद्वलचा धाकटा भाऊ. बोलघेवडा, हसरा, आईचा लाडका. एका भावाने दिवा लावायचा आणि दुसऱ्याने तो बघत जहाज हाकायचं, असं आमचं चाललं होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात गहू भरत होतो. गेथिन भावाला भेटायला आमच्या जहाजावर आला आणि आल्या आल्या माझ्यावर टिचकी मारली.

"काय दिवेवाले, दिवा लावता की नुसती वात दाखवता?"

"नियम आहे," इद्वल म्हणाला. "नौदलाचा माणूस येऊन भोक मोजून जातो."

"नियम करणारा गादीवर झोपतो रे. चार तास डोळे फाडून मी बघतो. जरा बर्फ उडालं की तुझा दिवा गुल! एक दिवस येऊन आदळेन तुझ्या बुडावर. मग आईला काय तोंड दाखवशील?"

"आधी तू दाखव. तिच्या तीन पत्रांना उत्तर नाही दिलंस."

दोघे हसले. गेथिन जाताना इद्वलचा तंबाखूचा पुडाही उचलून घेऊन गेला. त्याने आपलं बोलणं तिथेच सोडून दिलं असेल, पण इद्वलच्या मनात ते रुतून बसलं.

बंदरातून निघाल्यावर सातव्या दिवशी हवा बिघडली. वारा बोचरा झाला, अधूनमधून बर्फाच्या सरी येऊ लागल्या. दुपारी इद्वल मला पुसायला आला तेव्हा त्याच्या खिशात एक कानस होती. इकडेतिकडे बघून त्याने झाकणी काढली आणि भोक घासायला सुरुवात केली. वाटाण्याएवढं होतं, ते कोटाच्या बटणाएवढं झालं.

"पोराचे डोळे जातील नाहीतर," तो माझ्याशीच पुटपुटला. "कुणाला कळतंय एवढ्याने?"

कळायला हवं होतं ते फक्त गेथिनला, आणि त्यालाच ते कळवलं नाही. दिवसाउजेडी निशाणं फडकवून मागच्या जहाजाशी बोलता यायचं. पण निशाणं लावायची तर कप्तानाची परवानगी हवी, आणि कप्तानाला सांगावं तर नियम मोडल्याबद्दल त्याने इद्वलला सोलून काढलं असतं. म्हणून इद्वल गप्प बसला. आणि खरं सांगायचं तर, मित्रांनो, मला आनंद झाला. किती महिन्यांनी मी मोकळेपणी उजळणार होतो! त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

रात्री मी लागलो. मध्यरात्री पहारा बदलला आणि थोड्याच वेळात 'ऑलवेन'ची काळी सावली हळूहळू मागे सरकू लागली. चारशे पावलांची सहाशे झाली, मग आठशे. मला वाटलं, आज मी चांगला दिसतो आहे, म्हणून गेथिन निर्धास्त आहे. माझ्या अकलेची धाव तेवढीच. मग बर्फाची दाट सर आली आणि सावली दिसेनाशी झाली.

त्याच वेळी आघाडीच्या जहाजाचा भोंगा वाजला. उजवीकडे पाणबुडी असल्याची शंका होती, सगळ्यांनी डावीकडे वळायचं होतं. अशा वेळी मागच्याने पुढच्याचा दिवा धरून वळायचं असतं. आमचं जहाज वळलं, शेजारच्या रांगा वळल्या. वारा मागून सुटला होता, भोंग्याचा आवाज त्याने पुढे नेला. 'ऑलवेन' जवळ असतं तर ते माझ्यामागून सहज वळलं असतं. ते सरळच गेलं. पहाटे फार लांबून एक दबका धमाका ऐकू आला.

उजाडल्यावर इद्वल धावत मागच्या टोकाला आला. आमच्या मागे नुसतं पाणी होतं. मग त्याने बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याला मोजून वाटाण्याएवढं भोक पाडलं, माझ्यावर नवी झाकणी बसवली आणि जुनी समुद्रात फेकली. या वेळी भोक अगदी बरोबर पडलं.

लिव्हरपूलला पोचल्यावर अकराव्या दिवशी बातमी आली. 'ऑलवेन'वरच्या एकतीस माणसांपैकी पाच एका होडीत जिवंत सापडली होती. त्यांत गेथिन होता. थंडीने त्याच्या पायाची बोटं गेली होती, पण तो होता! इद्वल लहान मुलासारखा रडला. आता तो सगळं सांगून टाकील, असं मला वाटलं. पण गेथिनने चौकशीत आधीच जबाब दिला होता: पुढचा दिवा मला फार जवळ वाटला, अंतर ओळखण्यात माझी चूक झाली, फेरे मीच कमी करायला सांगितले. सव्वीस माणसांचं ओझं त्याने आपण होऊन डोक्यावर घेतलं होतं. इद्वलने ते ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

युद्ध संपलं. 'ग्वेनिथ' भंगारात गेलं आणि इद्वल मला घरी घेऊन आला. गेथिन पुन्हा समुद्रावर गेला नाही. गोदीच्या फाटकावर पहारेकरी झाला. त्याचं हसणं, बोलणं सगळं आटलं. रविवारी प्रार्थना आटोपली की तो भावाकडे जेवायला यायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा.

एका रविवारी जेवण झाल्यावर तो एकदम म्हणाला, "इद्वल, अंधार पडला की हा दिवा लावशील? झाकणीसकट."

"कशाला रे आता?"

"लाव ना. परसाच्या भिंतीवर ठेव. मी चारशे पावलं मोजत गल्लीच्या टोकाला जातो. एकदा बघायचंय मला."

इद्वलने मला लावलं. गेथिन लंगडत, पावलं मोजत लांब गेला. तिथे तो बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"बघ," तो म्हणाला. "एवढासा दिसतो. त्या रात्री मला चांगला मोठा दिसला होता. शपथेवर सांगतो, मोठा दिसला होता! इतकी वर्षं मनात एक आशा होती, की खरंच तसा दिसत असेल. पण नाही. माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं. झोप लागली असेल मला. उभ्या उभ्या झोपलो असेन."

इद्वलने तोंड उघडलं. त्याचे ओठ हलले. मी जळत होतो आणि मनात ओरडत होतो: सांग, आत्ता सांग! भोक मी मोठं केलं होतं, एवढंच तर म्हणायचं होतं.

"गार वारा सुटलाय," इद्वल म्हणाला. "आत चल. चहा टाकायला सांगतो."

त्यानंतर गेथिन नऊ वर्षं जगला. आपले डोळे खोटे आहेत असं मानूनच तो गेला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझी काळजी घेणाऱ्याइतका मायाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या मायेनेच घात केला. माझं मागणं वेगळं आहे. कुणी तुमच्या भरवशावर मागून येत असेल, तर त्याच्या भल्यासाठी केलेला बदलही त्याला आधी सांगा. आणि सांगायचं राहून गेलं, चूक झाली, तर तो माणूस समोर बसला आहे तोवर कबूल करा. उद्यावर ढकलू नका.

गेथिनला पुरून आल्यावर इद्वल स्वयंपाकघरात आला. ओला कोटही न काढता त्याने मला फळीवरून खाली घेतलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "भोक मी मोठं केलं होतं रे. तुझे डोळे चांगले होते."

एवढी वर्षं अडलेलं ते वाक्य शेवटी त्याच्या तोंडून निघालं. पण ऐकायला मी एकटाच होतो, आणि मला तर ते ठाऊकच होतं.