थर्मासमध्ये काय आहे?

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे आणि आज मला अजिबात धीर धरवत नाही! बातमीच तशी आहे. पण तिची गोडी कळायला आधी माझ्याविषयी थोडे ऐका.

कारखान्यात स्टीलच्या एका नळकांड्यात दुसरे बसवले, दोघांमधली हवा काढून घेतली आणि तळ बंद केला. असा मी झालो. ती पोकळी हीच माझी ताकद. तिथे उष्णता पुढे न्यायला हवाच नसते, म्हणून सकाळचा चहा दुपारीही वाफाळतो. जयतीर्थअण्णांनी मला मल्लेश्वरमच्या बाजारातून आणले. त्यांचे तिथेच कापडाचे दुकान आहे. घराणे मराठी, पण पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत राहिलेले. दुकानात माझ्यातला चहा पिऊन गिऱ्हाइके माझी वाहवा करत. पुढे घरात रंगीत बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. माझ्या झाकणातले रबर वाळून कडक झाले.

मग एके दिवशी मला घाईघाईने खाली काढले. अण्णांच्या पत्नीला, वीणाक्कांना, स्तनाचा कर्करोग झाला होता. आधी केमोथेरपीने गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, असे ठरले होते. नवे रबर लावून मी त्यांच्याबरोबर रुग्णालयात जाऊ लागलो. पुन्हा काम मिळाले! फक्त आता माझ्यात चहा नसे. अण्णांच्या आई भागीरथीबाई गुळवेल आणि हळद आटवून काढा करत. भेटायला येणारेही काहीतरी घेऊनच येत. बेळगावचे प्रतापरावमामा चूर्णाची पुडी घेऊन आले. नको म्हटले तर माणूस दुखावेल, म्हणून तेही काढ्यात पडले.

तिसऱ्या केमोच्या आधी रक्त तपासले, तर यकृताचे आकडे बरेच वाढलेले!

"अशा यकृताला हे औषध सोसणार नाही. आज केमो नाही," डॉक्टर शिल्पाश्री म्हणाल्या. त्या कन्नडमध्ये बोलत. मी तुम्हाला मराठीत सांगतो आहे.

वीणाक्का घाबरल्या. "अहो, गाठ आत्ता कुठे लहान व्हायला लागलीय. थांबलं तर पुन्हा वाढेल ना?"

"म्हणूनच फार थांबायचं नाहीये. दुसरं काही औषध घेता का?"

"छे, काही नाही," सोबत आलेल्या भागीरथीबाई पटकन म्हणाल्या.

मित्रांनो, त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या मते औषध म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते ते. आपल्याच चुलीवर उकळते ते औषध कसे असेल? मला वाचा असती तर मी ओरडलो असतो!

तेवढ्यात डॉक्टरांची नजर माझ्यावर पडली. "ह्या थर्मासमध्ये काय आहे?"

"ते होय? स्वल्प काढा आहे, घरचाच."

वीणाक्कांनी झाकण फिरवले. कडू वास खोलीभर पसरला.

"काय काय घातलंय, अम्मा?"

"गुळवेल, हळद आणि मामांचं चूर्ण."

"चूर्णात काय आहे?"

"ते मामांनाच ठाऊक."

"मामांना तरी कुठलं ठाऊक असायला!" वीणाक्का म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी असतानाही हसल्या.

भागीरथीबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच हिला..."

"तसं मी म्हणत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "केमोनेही आकडे वाढतात. दोन्ही थांबवल्यावर ते उतरले, तरी दोष नेमका कुणाचा ते कळणार नाही. पण काढा बंद केला की एक धोका तरी कमी होईल."

"मग मी सुनेसाठी काहीच करू नको?"

"करा ना! या माझ्याबरोबर."

शेजारच्या खोलीत त्याच रुग्णालयाचे वैद्य आणि योगशिक्षिका बसत. वैद्यांनीही काढा आणि चूर्ण बंद करायला सांगितले. योगशिक्षिकेने वीणाक्कांना हलकी आसने आणि संथ श्वसन शिकवले. "ह्याने गाठ जाणार नाही, ते काम केमोचं. थकवा आणि धास्ती कमी व्हायला मात्र ह्याची मदत होते," असे तिने स्पष्ट सांगितले.

"सरी, बरं तर," म्हणत भागीरथीबाईही पदर खोचून चटईवर बसल्या. घरी तर त्याच शिक्षिका झाल्या! "सोड गं श्वास, किती धरून ठेवतेस? वाणसामान आहे का साठवायला?" आणि मामा नवी पुडी घेऊन आले तेव्हा त्यांनी दारातच सांगितले, "मामा, आधी हिच्या डॉक्टरांना दाखवू. त्या हो म्हणाल्या तरच घरात."

आणि आज सकाळी अहवाल आला. आकडे उतरले! केमो आजच! अण्णांनी दुकान उघडलेच नाही. मी साधे कोमट पाणी भरून रिक्षात बसलो आणि प्रत्येक खड्ड्यावर आनंदाने खणखणलो.

मित्रांनो, मला रोज घासा, रबर काढून धुवा, झाकण उघडे ठेवून वाळवा. माझी एवढीच हौस. पण घरात कुणी आजारी असेल, तर काढा, चूर्ण, गोळी, जे काही पोटात जाते ते सगळे डॉक्टरांना सांगा. विचारण्याची वाट पाहू नका. प्रेमाने दिलेले असले तरी सांगा.

आता परिचारिकेने सुई लावली आहे. वीणाक्का डोळे मिटून सावकाश श्वास घेत आहेत. भागीरथीबाई इतक्या मोठ्याने श्वास मोजत आहेत की शेजारच्या खाटेवरचे आजोबाही त्यांच्याबरोबर श्वास घेऊ लागले आहेत. नळीतून पहिला थेंब उतरला पाहा!